परग्रहावरचा चरणारा प्राणी : कल्पनेतील 'मडपॉड' आणि त्याचे पृथ्वीवरील सोयरे

सहा पाय, पाण्यात आणि जमिनीवर सारखाच वावर, कात्रीसारखा जबडा आणि खाद्य म्हणजे झाडासारखा दिसणारा, परंतु जागा बदलू शकणारा एक विलक्षण जीव! 'मडपॉड' नावाचा हा प्राणी जगातील कोणत्याही प्राणिसंग्रहालयात पाहायला मिळणार नाही. 'ऑरेलिया' नावाच्या एका काल्पनिक ग्रहावर त्याचे वास्तव्य आहे. २००५ साली नॅशनल जिओग्राफिक वाहिनीने 'एक्स्ट्राटेरेस्ट्रियल' या नावाने आणि ब्रिटनमधील 'चॅनल फोर'ने 'एलियन वर्ल्ड्स' या नावाने दाखवलेल्या माहितीपटात तो प्रथम अवतरला. त्याच वर्षी लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये भरलेल्या 'द सायन्स ऑफ एलियन्स' या प्रदर्शनातही ऑरेलियाची जीवसृष्टी मांडण्यात आली होती.

परग्रहावरील जीव म्हटले, की डोळ्यांसमोर येतात ते हिंस्र राक्षस किंवा मोठ्या डोक्याचे बुद्धिमान पाहुणे. मडपॉड यांपैकी काहीच नाही. तो चरतो, घाबरतो, पळतो आणि कोणाचे तरी भक्ष्य होतो. मात्र एखादा काल्पनिक ग्रह खरा वाटावा, यासाठी अशा साध्या चरणाऱ्या प्राण्याइतके महत्त्वाचे दुसरे पात्र नाही. त्याचे शरीर पटले, तर त्याच्या ग्रहाचे गवत, पाणी, हवा आणि शिकारी हे सारेच पटते.

चंद्रावरच्या गुरांपासून

परग्रहावरच्या प्राण्यांची कल्पना बरीच जुनी आहे. ग्रहगतीचे नियम मांडणारा जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहान्स केप्लर याने चंद्रप्रवासाची एक कथा लिहिली होती. 'सोम्नियम' म्हणजे स्वप्न, या नावाची ही कथा त्याच्या मृत्यूनंतर १६३४ मध्ये प्रसिद्ध झाली. चंद्रावरचा दिवस पृथ्वीवरच्या सुमारे चौदा दिवसांइतका आणि रात्रही तेवढीच मोठी. त्यामुळे तेथील जीव झपाट्याने वाढणारे, अल्पायुषी आणि उन्हापासून आसरा शोधणारे असतील, असा तर्क त्याने केला. परिस्थितीवरून प्राण्याची कल्पना करण्याचा हा बहुधा सर्वांत जुना प्रयत्न म्हणता येईल.

चरणारी परग्रही गुरे रंगवली ती एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द फर्स्ट मेन इन द मून' या कादंबरीत चंद्राच्या पोटात राहणारे लोक 'मूनकाफ' नावाची अजस्र जनावरे पाळतात. सुमारे ६० मीटर लांबीची ही जनावरे चांद्रसकाळी उगवून भराभर वाढणाऱ्या वनस्पतींवर चरतात. एवढे मोठे शरीर वेल्सने केवळ नवलासाठी दिले, असे म्हणता येणार नाही. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश असल्याने तेथे वजनाचा भार कमी, हे त्याला ठाऊक होते.

चित्रपटांनी मात्र बरेचदा सोयीचा मार्ग पत्करला. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधील 'बँथा' हा केसाळ, वळणदार शिंगांचा प्राणी म्हणजे पोशाख चढवलेली एक आशियाई हत्तीण होती. त्याच्या उलट टोकाला अमेरिकन चित्रकार वेन बार्लो यांचे १९९० चे 'एक्स्पिडिशन' हे पुस्तक आहे. त्यातील 'डार्विन ४' या ग्रहावरील प्राण्यांना डोळेच नाहीत. ते ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधतात. याच पुस्तकावर आधारित 'एलियन प्लॅनेट' हा माहितीपट डिस्कव्हरी वाहिनीने २००५ मध्येच दाखवला. मराठी वाचकाला परग्रहवासी भेटला तो प्रामुख्याने डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'प्रेषित'सारख्या कादंबरीतून. पण तोही बुद्धिमान पाहुणाच. परग्रहावरच्या गुराढोरांकडे कथाकारांचे लक्ष तसे कमीच गेले आहे.

जेथे सूर्य मावळत नाही

ऑरेलियाची कल्पना एका लाल बटू ताऱ्याभोवती रचलेली आहे. लाल बटू म्हणजे सूर्यापेक्षा लहान, थंड आणि मंद तारे. आपल्या आकाशगंगेतील सुमारे तीन चतुर्थांश तारे याच प्रकारचे आहेत. अशा ताऱ्याची ऊब मिळण्यासाठी ग्रहाला त्याच्या अगदी जवळून फिरावे लागते. इतक्या जवळ असलेल्या ग्रहाचे स्वतःभोवती फिरणे कालांतराने ताऱ्याच्या ओढीने जखडले जाते आणि त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते. आपल्याला चंद्राची एकच बाजू दिसते, तसाच हा प्रकार. परिणामी ग्रहाच्या अर्ध्या भागावर कायमचा दिवस आणि अर्ध्या भागावर कायमची रात्र.

अशा ग्रहावरची हवा काळोख्या बाजूला गोठून खाली पडेल आणि जीवसृष्टी अशक्य होईल, असे पूर्वी मानले जात असे. १९९७ मध्ये मनोज जोशी, रॉबर्ट हेबर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय प्रारूपांच्या साहाय्याने दाखवून दिले, की वातावरण पुरेसे दाट असेल तर वारे उष्णता काळोख्या बाजूला वाहून नेतील आणि हवा गोठणार नाही. ऑरेलियासारख्या ग्रहाची कल्पना करण्याचा मार्ग अशा संशोधनामुळे मोकळा झाला.

या ग्रहावर तारा जेथे थेट डोक्यावर असतो, तेथे कधीही न शमणारे वादळ घोंघावत असते. काळोखी बाजू बर्फाखाली असते. या दोहोंमधल्या उजेडाच्या प्रदेशात नद्या वाहतात, सखल मैदाने आणि दलदली तयार होतात. मडपॉडचे घर ते हेच.

मडपॉडचे जीवन

या दलदलीत 'स्टिंगर फॅन' नावाच्या जीवांची रानेच्या राने आहेत. पंख्यासारखा पसारा पसरून हे जीव ताऱ्याच्या प्रकाशापासून अन्न बनवतात आणि संथ गतीने जागाही बदलतात. प्राणी आणि वनस्पती यांच्या सीमेवरचा हा जीव अगदीच अशक्य कोटीतला नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आढळणारी 'एलिशिया क्लोरोटिका' ही समुद्री गोगलगाय शैवाल खाऊन त्यातील हरितलवके आपल्या शरीरात जपते आणि त्यामुळे पानासारखी हिरवी दिसते.

मडपॉड आपल्या कात्रीसारख्या जबड्याने हे पंखे कापतो. कापलेला माल केवळ पोटात जात नाही. उत्तर अमेरिका व युरोपातील बीव्हर हा प्राणी लाकडे कुरतडून ओढ्यावर बांध घालतो, त्याप्रमाणे मडपॉडही पाणी अडवून तळी तयार करतो. म्हणजे ज्या प्रदेशात तो राहतो, तो काही अंशी त्यानेच घडवलेला असतो. 'गल्फॉग' हा सुमारे साडेचार मीटर उंचीचा, न उडणाऱ्या पक्ष्यासारखा शिकारी त्याचा मोठा शत्रू. दुसरा शत्रू 'हिस्टेरिया'. हे सूक्ष्म जीव एरवी पाण्यात विखुरलेले असतात; परंतु भूक लागली की एकत्र येऊन मोठा गोळा होतात आणि काठावर सरपटत येतात.

मात्र सर्वांत मोठा धोका आकाशातून येतो. लाल बटू ताऱ्यांवर अचानक प्रचंड ज्वाला उसळतात आणि अतिनील किरणांचा मारा होतो. हा मारा ओळखणारा खास डोळा ऑरेलियावरच्या प्राण्यांना दिलेला आहे. ज्वालेची चाहूल लागताच स्टिंगर फॅन आपले पंखे मिटतात आणि प्राणी आडोशाला धावतात. पृथ्वीवरच्या दुबळ्या प्राण्याला रात्रीचा आसरा तरी असतो. ऑरेलियावर रात्र होतच नाही. त्यामुळे लपण्याची वेळ सूर्यास्त ठरवीत नाही, ताऱ्याची लहर ठरवते.

पोटाचे गणित

असा प्राणी रचताना कल्पनेला पूर्ण मोकळीक नसते. पहिले बंधन आहे ते पोटाचे. पाला आणि गवत यांतील सेल्युलोज पचवणे अतिशय अवघड. गाय, घोडा, हत्ती यांपैकी कोणाचेही शरीर हे काम स्वतः करीत नाही. ते त्यांच्या पोटातील सूक्ष्मजीव करतात. गाय चार कप्प्यांच्या पोटात चारा आंबवते आणि रवंथ करते. घोड्याचे हेच काम आतड्याच्या मागच्या भागात होते. दोन्ही पद्धतींत चारा बराच काळ पोटात ठेवावा लागतो, म्हणून पोट मोठे आणि पोट मोठे म्हणून शरीरही अवजड. परग्रहावरील वनस्पती चिवट असतील, तर त्या खाणाऱ्यालाही असेच काही तरी आंबवणारे पिंप सोबत बाळगावे लागेल.

दुसरे बंधन वजनाचे. प्राण्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट झाली, तर त्याचे वजन आठपट होते. पण हाडांची जाडी, म्हणजे त्यांच्या छेदाचे क्षेत्रफळ, चौपटच वाढते. गॅलिलिओने १६३८ मध्ये मांडलेले हे सूत्र जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ च्या एका गाजलेल्या निबंधात प्राण्यांना लावून दाखवले. पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झालेले हाल्डेन ते हेच. ग्रहाचे गुरुत्वाकर्षण जास्त असेल, तर चरणारा प्राणी बुटका आणि जाड पायांचा हवा. कमी असेल, तर वेल्सची अजस्र गुरेही चालू शकतील.

तिसरे बंधन संख्येचे. वनस्पतींनी साठवलेल्या ऊर्जेचा साधारण दहावा हिस्साच त्या खाणाऱ्याच्या शरीरात उतरतो आणि त्याचाही साधारण दहावा हिस्सा शिकाऱ्याच्या वाट्याला येतो. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या माळावर बारा-तेरा लाख विल्डबीस्ट चरतात आणि सिंह असतात तीनेक हजार. पडद्यावरचे अनेक ग्रह या हिशेबात नापास होतात. तेथे शिकारी जागोजागी दिसतात, पण ते एरवी काय खातात याचा पत्ता लागत नाही.

रंगाचाही प्रश्न आहे. नासाच्या शास्त्रज्ञ नॅन्सी कियांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असे मांडले, की मंद लाल ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर वनस्पतींना मिळेल तेवढा सारा प्रकाश शोषून घ्यावा लागेल आणि म्हणून त्या काळ्या दिसण्याची शक्यता आहे. तसे झाल्यास तेथील कुरणे काळी असतील आणि त्यांत दडणाऱ्या प्राण्याचा रंगही बहुधा गडदच असेल.

माळावरचे आणि किनाऱ्यावरचे

माळ आणि किनारा हे दोन्ही प्रदेश चरणाऱ्या प्राण्याला वेगवेगळे धडे देतात. माळावर आडोसा नसतो. म्हणून लांब पाय, कळपाने राहणे आणि दूरवर पाहणारी नजर ही तेथील प्राण्यांची लक्षणे. अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरीच्या काळविटांकडे पाहिले, की ही तिन्ही एकत्र दिसतात. २०१५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी जमिनीवरच्या २१४ प्राण्यांच्या डोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेळी, मेंढी, घोडा अशा प्राण्यांच्या बाहुल्या आडव्या असतात. त्यामुळे क्षितिजाची सारी पट्टी एका नजरेत येते. विशेष म्हणजे चरताना मान खाली गेली, तरी डोळे खोबणीत फिरून बाहुली जमिनीला समांतरच राहते.

किनाऱ्यावरचा प्रश्न निराळा, तो मिठाचा. गालापागोस बेटांवरील समुद्री इग्वाना ही समुद्रात बुडी मारून शैवाल खाणारी जगातील एकमेव पाल. जादा मीठ ती खास ग्रंथींतून गोळा करून नाकावाटे फवारून टाकते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील नॉर्थ रोनाल्डसे बेटावरच्या मेंढ्या तर समुद्रशैवालावरच पोसल्या जातात. १८३२ मध्ये बेटाभोवती दगडी भिंत घालून त्यांना किनाऱ्याकडे ठेवण्यात आले. तेव्हापासून त्यांचा दिवस घड्याळाने नव्हे, तर भरती-ओहोटीने ठरतो. ओहोटी लागली की चरायचे, भरती आली की रवंथ करीत बसायचे.

ऑरेलियाच्या किनाऱ्याचे खरे वेगळेपण येथेच ध्यानात येते. एकच बाजू ताऱ्याकडे ठेवणाऱ्या ग्रहावर ताऱ्याच्या ओढीने पाण्याला आलेला फुगवटाही एकाच जागी राहतो. तेथे रोजची भरती नाही आणि ओहोटीही नाही. दिवसातून दोनदा उघडी पडणारी शैवालाची कुरणे तेथे संभवत नाहीत. पाणी चढेल-उतरेल ते पावसाने आणि नदीच्या पुराने. पाणी अडवून आपले तळे राखणाऱ्या मडपॉडची कल्पना अशा प्रदेशात चपखल बसते.

माळ आणि किनारा या दोहोंवर हक्क सांगणारा प्राणी पाहण्यासाठी मात्र परग्रहावर जाण्याची गरज नाही. गुजरातमधील कच्छचा खाराई उंट कोरड्या माळावर चरतो आणि समुद्रात पोहत जाऊन खाडीतील बेटांवरची तिवरेही खातो. रबारी आणि फकिरानी जत समाजातील पशुपालक तो पाळतात. २०१५ मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. वाळवंटाचे जहाज म्हणून ओळखला जाणारा प्राणी समुद्रात पोहतो, हे एखाद्या चित्रकाराने कागदावर मांडले असते, तर त्याच्यावर कल्पनेच्या अतिरेकाचा आरोप झाला असता.

खऱ्या ग्रहांची हकीकत

ऑरेलिया पडद्यावर आला, तेव्हा त्याच्यासारखा ग्रह कोणाला सापडलेला नव्हता. २०१६ मध्ये सूर्याला सर्वांत जवळच्या प्रॉक्सिमा या लाल बटू ताऱ्याभोवती एका ग्रहाचा शोध लागला. २०१७ मध्ये सुमारे ४० प्रकाशवर्षे अंतरावरील ट्रॅपिस्ट-१ या लाल बटूभोवती पृथ्वीच्या साधारण आकाराचे सात ग्रह असल्याचे जाहीर झाले. मात्र जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये दिलेल्या निरीक्षणांनी उत्साहाला थोडा लगाम घातला. त्यातील सर्वांत आतल्या ग्रहावर जाणवण्याजोगे वातावरण आढळले नाही आणि दुसऱ्यावरही कार्बन डायऑक्साइडचे दाट आवरण दिसले नाही. ताऱ्याच्या ज्वाला ग्रहाची हवाच उडवून लावतात की काय, हा लाल बटूंबाबतचा कळीचा प्रश्न आहे. हवा टिकली नाही, तर कुरण नाही आणि कुरण नाही, तर मडपॉडही नाही.

सापडण्याआधी हरवलेले

किनाऱ्यावर चरणाऱ्या एका खऱ्या प्राण्याची कहाणी या संदर्भात आठवण्याजोगी आहे. १७४१ मध्ये रशियाच्या पूर्वेकडील बेरिंग समुद्रातील एका बेटावर जहाज फुटून अडकलेल्या मोहिमेत गेऑर्ग स्टेलर हा निसर्गशास्त्रज्ञ होता. तेथे त्याला समुद्रशैवाल खाणारी, सात-आठ मीटर लांबीची, शांत स्वभावाची एक समुद्रगाय आढळली. तिचे तपशीलवार वर्णन त्याने लिहून ठेवले. मांस आणि चरबीसाठी तिची बेसुमार शिकार झाली आणि १७६८ पर्यंत, म्हणजे अवघ्या २७ वर्षांत, ती नामशेष झाली. तिला जिवंत पाहून वर्णन करणारा निसर्गशास्त्रज्ञ स्टेलर हा एकटाच ठरला.

तिचीच नातलग असलेली डुगाँग ही समुद्रगाय भारतात कच्छचे आखात, तमिळनाडूचा किनारा आणि अंदमान-निकोबारच्या समुद्रात आजही समुद्रगवत चरते. तिच्यासाठी तमिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे देशातील पहिले राखीव क्षेत्र घोषित केले. कच्छच्या खाराई उंटाचे भवितव्य तर तिवरांशीच बांधलेले आहे. तिवरे तुटली, तर उंटाची बेटावरची कुरणे संपतात आणि त्याचे पोहणेही निरर्थक ठरते.

मडपॉड रचणाऱ्यांनी बीव्हरकडून बांध घेतला आणि शिकाऱ्याचा बांधा न उडणाऱ्या पक्ष्याकडून उचलला. परग्रहांची कल्पना करण्याचे सारे साहित्य अखेर पृथ्वीच्याच कोठारातून येते. दूरच्या ग्रहावर एखादा चरणारा प्राणी खरोखर असेल, तर तो कळायला अजून फार काळ लागेल. तोपर्यंत समुद्रात पोहणारा उंट आणि गवत खाणारी समुद्रगाय टिकून राहिली, तर ती ओळखायला माणसाजवळ काही तरी आधार असेल.

थोडक्यात मडपॉड

- स्वरूप : काल्पनिक, सहा पायांचा, पाण्यात व जमिनीवर वावरणारा प्राणी
- ग्रह : ऑरेलिया (काल्पनिक), लाल बटू ताऱ्याभोवती फिरणारा, एकच बाजू ताऱ्याकडे असलेला
- अधिवास : नद्यांच्या काठची सखल मैदाने व दलदली
- खाद्य : स्टिंगर फॅन
- शत्रू : गल्फॉग, हिस्टेरिया
- प्रथम दर्शन : २००५, 'एक्स्ट्राटेरेस्ट्रियल' (नॅशनल जिओग्राफिक), 'एलियन वर्ल्ड्स' (चॅनल फोर)
- पृथ्वीवरील जवळचे साम्य : बीव्हर